पावसापूर्वीं खणलेले खळगे

पश्चिम आफ्रिकेंत बुर्किना फासो नांवाचा देश आहे. त्याच्या उत्तरेकडील यातेंगा प्रांतांत इ. स. १९७० नंतर वारंवार अवर्षण पडून जमिनीवर जणूं कवच बसलें. पाऊस पडे, परंतु पाणी वरच्या वर वाहून जाई. पुष्कळ कुटुंबें गांव सोडून गेलीं. याकूबा सावादोगो हा गृहस्थ मात्र सुमारें इ. स. १९८० सालीं व्यापार सोडून शेतीकडे वळला.

त्या प्रांतीं 'झाई' नांवाची जुनी रीत होती. ती अशी कीं, लहान खळगे खणून त्यांत बीं पेरावें. सावादोगोनें ते अधिक रुंद व खोल केले, आणि पाऊस येण्यापूर्वींच त्यांत शेणखत घातलें. कोरड्या दिवसांत हा मनुष्य दगडासारखी भूमि खणतो, हें पाहून लोकांनीं त्यास वेडा म्हटलें. परंतु वाचकहो, मर्म त्या खतांत आहे. जिला आम्ही शत्रु समजतों ती वाळवी खत खावयास येते आणि कठीण जमिनीस बारीक भोकें पाडते. त्यांतून पहिला पाऊस मुरतो. पुढील पाऊस लांबला तरी ज्वारी-बाजरीचें रोप तग धरतें. पुढें गांवोगांवचे शेतकरी त्याजकडे शिकावयास येऊं लागले. इ. स. २०२३ सालीं तो मरण पावला.

ह्या रीतीस पैसा थोडा, पण घाम फार लागतो, हें लपविणें आम्हांस बरें वाटत नाहीं. एकट्या विधवेनें एवढें कसें खणावें? ज्याच्या दारीं जनावर नाहीं त्यानें खत कोठून आणावें? तिकडे पुष्कळ ठिकाणीं शेजारी टोळी करून आळीपाळीनें एकमेकांचीं शेतें खणतात.