स्पिनेलची साक्ष : प्रावरणातील खडकांच्या मुळाचा शोध

भूकवचाखालील प्रावरण सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेले आहे. मानवाने खोदलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, जेमतेम १२ किलोमीटरचे आहे. त्यामुळे प्रावरणाचा अभ्यास मुख्यतः तेथून वर आलेल्या खडकांवरून करावा लागतो. भूपट्टांच्या टकरीत सागरतळाचे काही भाग प्रावरणासह जमिनीवर चढतात. अशा खडकसमूहास ऑफिओलाइट म्हणतात. भारतात लडाख, नागालँड-मणिपूर आणि अंदमान येथे ते आढळतात.

या समूहातील प्रावरणीय खडक म्हणजे पेरिडोटाइट. पाण्याच्या संपर्काने त्यातील ऑलिव्हिनचे सर्पेंटाइनमध्ये रूपांतर होते आणि मूळ रचना बरीचशी पुसली जाते. मात्र त्यात अल्प प्रमाणात विखुरलेले स्पिनेलचे कण या बदलास अधिक काळ तोंड देतात. म्हणूनच खडकाच्या उगमाचा पुरावा म्हणून त्यांना महत्त्व आहे.

क्रोमांक म्हणजे काय?

स्पिनेल हे मॅग्नेशियम, लोह, ॲल्युमिनियम व क्रोमियम यांचे ऑक्साइड होय. त्यातील क्रोमियमच्या अणुसंख्येस क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या एकूण अणुसंख्येने भागले असता क्रोमांक मिळतो. येथे वजनाचे नव्हे, तर अणुसंख्येचे प्रमाण घ्यावयाचे असते.

प्रावरण अंशतः वितळते तेव्हा ॲल्युमिनियम सहजपणे शिलारसात जाते, तर क्रोमियम बव्हंशी अवशिष्ट खडकातच राहते. साहजिकच, वितळण जितके अधिक, तितका अवशेषातील स्पिनेलचा क्रोमांक मोठा. २००१ मध्ये मांडलेल्या एका सूत्रानुसार, क्रोमांकाच्या नैसर्गिक लॉगरिथमला १० ने गुणून त्यात २४ मिळविल्यास वितळणाची टक्केवारी मिळते. क्रोमांक ०.२ असल्यास वितळण सुमारे ८ टक्के, तर ०.५ असल्यास सुमारे १७ टक्के येते. हे सूत्र ०.१ ते ०.६ या मर्यादेतच वापरावे.

उगमस्थानाची ओळख

हेन्री डिक व थॉमस बुलन यांनी १९८४ मध्ये दाखविले की, मध्यसागरी पर्वतरांगांखालील पेरिडोटाइटमध्ये क्रोमांक सामान्यतः ०.६ च्या वर जात नाही. त्याहून मोठा अंक बहुधा द्वीपचापांकडे निर्देश करतो. तेथे खाली जाणाऱ्या भूपट्टातून पाणी मिळाल्याने प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो व वितळण वाढते. टायटॅनियमचे अत्यल्प प्रमाण या निष्कर्षास बळकटी देते.

भारतीय संदर्भ

ओडिशातील जाजपूर जिल्ह्यातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटचे, म्हणजे क्रोमियमसमृद्ध स्पिनेलचे, विस्तीर्ण थर आहेत. देशातील क्रोमाइट साठ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक साठे ओडिशातच आहेत. सुकिंदाचे थर प्रावरणाचा अवशेष नसून प्रावरणातून आलेल्या शिलारसातून साचलेले आहेत. त्यामुळे त्यांना वरील सूत्र लागू होत नाही. तथापि मोठा क्रोमांक व अल्प टायटॅनियम यांवरून तो शिलारस अत्यंत वितळलेल्या प्रावरणातून आला असावा, असे अनुमान काढता येते.

या विश्लेषणाचा आर्थिक उपयोगही आहे. स्टेनलेस पोलादासाठी क्रोमियम अपरिहार्य आहे. धातुशास्त्रीय उपयोगासाठी क्रोमियमसमृद्ध, तर उष्णतारोधक विटांसाठी ॲल्युमिनियमसमृद्ध क्रोमाइट विशेष उपयुक्त ठरते. खडकाचे मूळ उमगल्यास कोणत्या प्रकारचे खनिज कोठे शोधावे, याची दिशा मिळते आणि खर्चिक वेधनछिद्रांची संख्या मर्यादित ठेवता येते.

मर्यादा

स्पिनेलही पूर्णतः अविकारी नाही. रूपांतरणात कणाच्या कडेचे ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम घटून लोह वाढते आणि क्रोमांक फसवा ठरतो. म्हणून इलेक्ट्रॉन शलाकेच्या साहाय्याने कणाच्या गाभ्याचे विश्लेषण केले जाते. शिवाय, वर चढणारा शिलारस अवशिष्ट खडकाशी अभिक्रिया करून ही नोंद बदलू शकतो. सारांश, क्रोमांक हा महत्त्वाचा साक्षीदार असला, तरी टायटॅनियमचे प्रमाण, सोबतची खनिजे आणि क्षेत्रीय निरीक्षण यांच्या आधाराविना केवळ त्याच्यावरून उगमाचा निवाडा करणे योग्य ठरत नाही.