रात्री गेम बनवताय? मग आठवड्याचा हिशोब असा ठेवा

आजचा धडा त्यांच्यासाठी, जे दिवसा नोकरी किंवा दुकान सांभाळतात आणि रात्री लॅपटॉपवर गेम बनवतात, पात्रं काढतात. समजा तुम्ही वडखळला राहता, रात्री आठला घरी येता आणि आठवड्याला जेमतेम दहा तास हाताशी लागतात. त्या दहा तासांचं काय झालं, हे कसं मोजायचं?

बहुतेक जण चित्रं मोजतात. या आठवड्यात हिरोचे केस झाले, जॅकेट झालं. मन भरतं, पण गेम तिथंच राहतो.

साधं गणित बघा. पात्र चालताना दाखवायला एका दिशेला साधारण ८ चित्रं लागतात. वरून दिसणाऱ्या गेममध्ये चार दिशा, म्हणजे ३२. डावीकडची चित्रं उलटी करून उजवीकडे वापरली तरी २४. धावणं, मार खाणं वेगळंच. आणि एवढं झाल्यावर कळलं की पात्र बुटकं हवं होतं, तर? चोवीसच्या चोवीस पुन्हा काढा. जॅकेटला सहा बटणं दिली असतील तर तीही चोवीस वेळा!

वडखळहून पेण जवळच. तिथल्या आणि हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत कामाचा क्रम बघा. आधी मूळ मूर्ती, तिच्यावरून साचा, साच्यातून मूर्ती, मग घासकाम, रंग, आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. डोळे आखणं हे सगळ्यात कसबी काम, म्हणूनच तो वेळ कच्च्या मूर्तीवर कुणी घालवत नाही. शिवाय गणेश चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. तुमच्या गेमला अशी तारीख नाही, खरी अडचण ती आहे. म्हणून ती तुम्हीच ठरवा. दर रविवारी संध्याकाळी.

पहिले काही आठवडे पात्राच्या जागी नुसता रंगीत चौकोन ठेवा. गोडो हे गेम इंजिन फुकट आहे, विक्रीवर रॉयल्टीही नाही. त्यात चौकोन पळवा, उडवा. तो खेळवताना मजा आली की मग चित्रासाठी क्रिता उघडा, तेही फुकटच. आधी नुसती काळी आकृती काढा आणि मोबाइलवर नखाएवढी करून ओळखू येते का बघा. चेहरा, कपडे नंतर.

रविवारी गेम भावाच्या, शेजाऱ्याच्या, कुणाच्याही हातात द्या आणि गप्प बसा. शिकवू नका (हे सगळ्यात कठीण जातं). वहीत लिहा: किती वेळ खेळला, कुठे अडला, पुन्हा मागितला का. खेळण्याजोगं काहीच नसेल तर रकाना कोरा सोडा, तो तासांनी भरू नका.

आता पैसा. स्टीमवर एका गेमची फी १०० डॉलर. गूगल प्लेवर खात्याचे एकदाच २५ डॉलर, आणि नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ती बारा माणसं तुमच्या रविवारच्या वहीतूनच मिळतील. इच डॉट आयओवर गेम टाकायला काही लागत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करा. २०० रुपयांच्या १०० प्रती स्टीमवर गेल्या तर २०,००० होतात. त्यांचे ३० टक्के गेले की उरले १४,०००, त्यातून पुन्हा कर. एवढ्यावर नोकरी सोडणार?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण लोक हमखास देतात. त्यांचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला आणि जगभर पोचला. पण २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यांना हवी ती रक्कम जमली नव्हती. संस्थापकांपैकी अविचल सिंग यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. आणि ही गेमच्याच धंद्यात मुरलेली माणसं! तुमच्याकडे सध्या चौकोन आहे आणि महिन्याचा पगार आहे. दोन्ही सांभाळा.

या रविवारी चौकोन कुणाच्या हातात देणार, ते नाव आत्ताच वहीत लिहून ठेवा.