कोलेस्टेरॉलचे औषध आणि त्वचेचे विकार

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी ‘स्टॅटिन’ वर्गाची गोळी आता आमच्या कोलार रस्त्यावरील पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या औषधांत असते. या औषधाचे मूळ बुरशीत आहे. १९७३ साली जपानमधील अकिरा एंडो यांना पेनिसिलियम जातीच्या बुरशीत असे द्रव्य सापडले की, जे शरीरातील कोलेस्टेरॉलची निर्मिती आरंभीच्या एका पायरीवरच अडविते. हेच औषध त्वचेवर उपयोगी पडेल काय, याचा येथे विचार करू.

कोलेस्टेरॉल त्वचेतही तयार होते आणि तिचे वरचे आवरण शाबूत राहण्यास ते लागतेच. पोरोकेरॅटोसिस नावाच्या विकारात अंगावर उंच कडेच्या, खरखरीत चकत्या उठतात. त्यात या निर्मितीची एखादी पायरी बिघडलेली असते. मागे अर्धवट द्रव्ये साचतात, पुढे कोलेस्टेरॉल कमी पडते. कोलार धरणाकडून येणारी नळवाहिनी मध्येच तुंबली, तर अलीकडे पाणी फुटते आणि पलीकडची घरे कोरडी राहतात, तसेच हे. अशा वेळी वरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो व पलीकडे टँकरही पाठवावा लागतो. त्याच न्यायाने स्टॅटिन आणि कोलेस्टेरॉल, प्रत्येकी २ टक्के, एकाच मलमात घालून रुग्णांस लावण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चकत्या बऱ्याच निवळल्या. रुग्ण मोजकेच होते, तरी कारण ओळखून केलेली ही योजना आम्हांस मोलाची वाटते.

कोडाची गोष्ट मात्र निराळी. लग्नाच्या मुलीस कोडावर आजोबांची गोळी द्यावी काय, असे एका पालकांनी आम्हांस विचारले होते. आम्ही साफ नको म्हटले. उंदरांत सिमवास्टॅटिनने गुण दिला. माणसांवरील छोट्या चाचणीत तो दिसला नाही. शिवाय या गोळीने काहींचे स्नायू दुखतात आणि गर्भारपणात ती सहसा देत नाहीत. कोडावर मलमे व प्रकाशोपचार आहेत. कोड स्पर्शाने पसरत नाही, महारोगाशी त्याचा संबंधही नाही.

सोरायसिसविषयीचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. पण त्या रुग्णांस हृदयविकाराचा धोका अधिक, म्हणून त्यांनी कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळट उंचवटे आले असतील त्यांनीही. अशा सुमारे निम्म्या लोकांत रक्तातील चरबी वाढलेली आढळते.