गायकाला ऐकू येतंय का?

‘मला लाइव्ह साऊंड करायचंय’ असं बारावीतल्या मुलीने जाहीर केलं, की नवी मुंबईतल्या जुईनगरच्या बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, “म्हणजे डीजे?” नाही. डीजे स्वतः वाजवतो. साऊंड इंजिनिअर दुसऱ्यांचं वाजवणं लोकांपर्यंत पोचवतो, आणि त्याहून अवघड म्हणजे ते वाजवणाऱ्यांनाही ऐकवतो. हे दुसरं काम मॉनिटरचं. स्टेजवर गायकाच्या पायाशी तिरका ठेवलेला बॉक्स प्रेक्षकांसाठी नसतो. त्यातून गायकाला स्वतःचा आवाज मिळतो, ड्रमरला बास आणि क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक. शास्त्रीय मैफलीत गाणारे मध्येच “तानपुरा थोडा वाढवा” म्हणतात, तेही बहुतेक वेळा यासाठीच.

ही सोय नसली तर काय होतं? १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोकांसमोर बीटल्स वाजवत होते आणि त्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच धड ऐकू येत नव्हतं. अलीकडे जुईनगरशेजारी, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले वाजवून गेले. एवढ्या मोठ्या कार्यक्रमांत मॉनिटरसाठी वेगळा इंजिनिअर आणि वेगळा मिक्सर असतो. पण ते स्टेडियम बघून करिअर ठरवू नये. शिकायला मिळतं ते कॉलेज फेस्टमध्ये, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, चार-पाच बँड एकाच संध्याकाळी उरकणाऱ्या छोट्या महोत्सवात. तिथे समोरचा आवाज आणि स्टेजवरचा आवाज एकाच माणसाच्या हातात असतो, आणि चुकलं की लगेच कळतं.

आता त्या संध्याकाळचं गणित बघा. ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात. राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी बारापर्यंत मुभा देऊ शकतं. शेवटची वेळ हलत नाही, त्यामुळे दुपारी ट्रक उशिरा आला, की कात्री लागते ती साऊंड चेकला. मग उरतो लाइन चेक: प्रत्येक माईक, प्रत्येक केबल जिवंत आहे ना, एवढंच. दोन बँडच्या मधल्या पंधरा मिनिटांत केबल बदलायच्या, कोणता माईक कोणत्या चॅनेलवर हे बघायचं, आणि प्रत्येकाच्या मॉनिटरमध्ये त्याला हवं ते पाठवायचं. ज्या पोराने बँडकडून स्टेजचा नकाशा आणि चॅनेलची यादी आदल्या दिवशी मागून घेतली, तो इथे तरतो.

खरी परीक्षा शिट्टीची. मॉनिटरचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून परत मॉनिटरमधून येतो आणि चक्र सुरू होतं; तीच ही शिट्टी. इथे कानाइतकंच ज्ञानही लागतं. शुअर एसएम५८सारखा कार्डिऑइड माईक नेमका मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या शेपटीसमोर ठेवतात. सुपरकार्डिऑइड माईकला मागूनही थोडं ऐकू येतं. तिथे मॉनिटर जरा बाजूला सरकवावा लागतो. बॉक्स दोन फूट हलवून जे साधतं, ते इक्वलायझरची बटणं पिळून साधत नाही. आणि गायक म्हणाला “मला वाढव”, तर अनुभवी माणूस आधी त्याच्या मॉनिटरमधली गिटार कमी करतो. हा संयम कोणत्याही कोर्सच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

कोर्सचं म्हणाल तर माझं मत थोडं जुनाट आहे: आधी वीज, मग मिक्सर. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि सोबत हंगामात एखाद्या भाड्याने साऊंड देणाऱ्या कंपनीत हेल्परगिरी. ओल्या मैदानात, जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात अर्थिंग तपासता येणाऱ्या मुलाला काम मिळतं. शिवाय गायकाचे ओठ माईकला लागलेले असतात. अर्थिंग चुकलं तर झटका त्याला बसतो. पुण्याच्या एफटीआयआयचा ध्वनीचा अभ्यासक्रम उत्तम आहे, पण तो पदवीनंतरचा आणि मुख्यतः सिनेमासाठीचा. खासगी संस्थांची लाखांतली फी भरण्याआधी त्यांना विचारा, विद्यार्थी प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर किती कार्यक्रम करतात. उत्तर फक्त स्टुडिओबद्दल आलं तर घरी परत या. मुंबईत भरणारं पाम एक्स्पो हे प्रदर्शन मात्र मुलांसोबत एकदा पाहा. मिक्सरला हात लावता येतो आणि धंद्यातली माणसं भेटतात.

आईवडिलांची एक काळजी अगदी रास्त आहे: कान. अमेरिकेच्या निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. स्टेजच्या बाजूला तेवढा आवाज सहज असतो. संगीतासाठीचे इअरप्लग पहिल्याच पगारात घ्यावेत, हेडफोन नंतर.

पगार म्हणजे इथे बहुधा दिवसाचा मेहनताना. गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंत धावपळ, पावसाळ्यात शुकशुकाट. कार्यक्रम दहाला संपतो, सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत बऱ्याचदा शेवटची लोकल गेलेली असते. म्हणून काम घेतानाच कंपनीला विचारावं की रात्री घरी कोण सोडणार, जेवण कोणाकडे, मेहनताना किती दिवसांत. मुलगी असेल तर स्टेजमागे स्वच्छतागृह आहे का, हेही. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावीत. चांगल्या कंपन्या याचा राग मानत नाहीत.