दहा वर्षं धंदा केलाय, आता काय शिकायचं? लष्कर काय करतं ते बघा

बऱ्याच जणांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "सर, दहा वर्षं दुकान चालवतोय, आता या वयात क्लास कशाला?" याचं उत्तर आज आपण एका वेगळ्याच ठिकाणाहून घेऊ.

आपल्या नगरकरांना लष्कर काही नवीन नाही. के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आसपासच्या गावांत आवाज घुमतो, आणि पाहुणे आले की आपण त्यांना रणगाडा संग्रहालय दाखवतो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथे आहे. रणगाडा चालवायचा कसा, तोफ डागायची कशी, हे इथे शिकवतात. याला म्हणायचं काम शिकणं. आपण कापड मोजायला किंवा माल लावायला शिकलो, तसंच.

पण कामात पक्का झालेला माणूस वर जातो, तेव्हा त्याला नवीन काम मिळतं: निर्णय घेण्याचं. ते त्याला कोण शिकवणार?

लष्कर अशा माणसाला नोकरीच्या मधोमध उचलून पुन्हा वर्गात बसवतं. मेजरच्या आसपासचे अधिकारी स्पर्धा परीक्षा देऊन निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला जातात. तिथल्या अभ्यासक्रमाला मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. मिळते. पुढे इंदूरजवळच्या महूला आर्मी वॉर कॉलेज आहे. सगळ्यात वर दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, १९६० साली सुरू झालेलं, ४७ आठवड्यांचा कोर्स. तिथे ब्रिगेडियरच्या शेजारी आयएएस, आयपीएस आणि मित्रदेशांचे अधिकारी बसतात. विषय कोणते? समाज, अर्थव्यवस्था, विज्ञान-तंत्रज्ञान, शेजारी देश. बंदूक कुठेच नाही! कारण ती त्यांना येतेच.

आपले मराठी जनरल मनोज नरवणे ३१ डिसेंबर २०१९ ला लष्करप्रमुख झाले. त्यांची एम.फिल. 'संरक्षण आणि व्यवस्थापन' या विषयात, इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाची. ज्यांच्या नावाचं ते विद्यापीठ, त्या अहिल्याबाई आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. (बीबीए करताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं.)

आता पद्धत बघा, आपल्या कामाची तीच आहे. तिथे निर्णयाआधी परिस्थितीचं 'ॲप्रिसिएशन' लिहितात. उद्देश काय, कोणत्या गोष्टींचा परिणाम होतो, माझ्यापुढे मार्ग किती, समोरच्यापुढे किती, मग निवड आणि शेवटी योजना. खरी मेहनत दुसऱ्या पायरीवर आहे. नुसती माहिती लिहून चालत नाही, प्रत्येक माहितीपुढे "मग काय?" विचारायचं.

समजा राहुरीत तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. श्रीरामपूरला दुसरं काढायचंय. बँक १५ लाख देतेय, तारण म्हणून राहतं घर. निर्णय चुकला तर दुकान नाही, घर जाईल.

माहिती: गिऱ्हाईक शेतकरी, उसाचं बिल आलं की पैसे देतो. मग काय? पैसे वर्षातून दोन-तीनदा येणार आणि हप्ता दर महिन्याला जाणार. हप्ता ३३ हजार धरला तर चार महिन्यांचे १,३२,००० रुपये आधी बाजूला हवेत. आहेत का?

माहिती: नवीन दुकान धाकटा भाऊ बघेल. मग काय? जुन्या दुकानाची निम्मी उधारी त्याच्या डोक्यात आहे, वहीत नाही. तो गेला की वसुली बसली. म्हणजे आधी वही पूर्ण करायची, भाऊ नंतर हलवायचा.

समोरचा काय करेल? श्रीरामपूरचा जुना दुकानदार ३० दिवसांची उधारी ६० दिवसांवर नेईल. तुम्ही किती दिवस टिकाल? (तो शत्रू नाही बरं का. उद्या त्याच्याकडूनच माल उसना घ्यावा लागेल. लष्कराकडून विचाराची पद्धत घ्या, भाषा नको.)

मग मार्ग. "काढायचं की नाही" हे दोनच लिहू नका. तिसरा शोधा: श्रीरामपूरला छोटं गोदाम भाड्याने, आठवड्यातून दोन दिवस टेम्पो, एक हंगाम. माझं मत विचाराल तर मी हाच घेईन, कारण यात घर तारण लागत नाही आणि तिथलं गिऱ्हाईक कसं आहे ते कळतं.

दुसरी गोष्ट घ्यायची ती गटाची. तिथे लहान गटात चर्चा चालते आणि प्रत्येकाच्या विचाराला बाकीचे प्रश्न लावतात. नॅशनल डिफेन्स कॉलेजात तर वेगवेगळ्या खात्यांची माणसं मुद्दाम एकत्र बसवलेली असतात. तुमचा गट चार जणांचा करा: एक मेडिकलवाला, एक डेअरीवाला, एक गॅरेजवाला आणि तुम्ही. एकाच लाईनमधले नकोत. नातेवाईक तर नकोतच, काका असले की आपण वाद घालत नाही.

महिन्यातून एक संध्याकाळ, एकाचंच पान. बाकीच्या तिघांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त "मग काय?" विचारायचं. ज्याचं पान आहे त्याने उत्तरं तिथेच, पेनने, त्याच कागदावर लिहायची आणि तारीख टाकून गल्ल्यात ठेवायची. सहा महिन्यांनी तेच पान पुन्हा चौघांसमोर काढायचं आणि कोणता अंदाज चुकला त्यावर लाल पेनने गोल करायचा.