पाच मिनिटं, फक्त त्याच्याबद्दल

बयो,

काल रात्री तू फोनवर पाऊण तास बोललीस. रिपोर्ट, स्कोअर, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, डॉक्टरांची वेटिंग लिस्ट, सगळं सांगितलंस. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पिल्लू हल्ली कशानं हसतं ते तू बोललीच नाहीस. रागावून नाही म्हणत गं. माझ्या लेकाला ऑटिझम असल्याचं निदान झालं तेव्हा तो तीन वर्षांचा होता, आणि पुढचं वर्षभर मीसुद्धा अशीच बोलायचे. आज तो एकोणीस वर्षांचा आहे. आत्ता गॅलरीत दोरीवरचे चिमटे रंगांप्रमाणे लावतोय, आधी सगळे निळे, मग हिरवे. तेवढ्यात तुला लिहून घेते.

आधी तुझ्या सासूबाईंचं ते बोलणं. "सहाव्या महिन्यात ऑफिसला गेलीस, पोराला आईची ऊब मिळाली कुठे?" हे सांगताना तुझा आवाज अगदी खाली गेला होता. बयो, हे त्यांच्या आधी मोठमोठे डॉक्टर बोलून गेलेत. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या ११ मुलांची निरीक्षणं मांडली. ही मुलं जन्मापासूनच अशी असावीत, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. पण त्यांच्या आईबापांत मायेचा ओलावा कमी दिसतो, हेही लिहून ठेवलं. लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. पुढे कितीतरी वर्षं या आयांना फ्रिजसारख्या थंड म्हणून हिणवलं गेलं. आधीच लेकरू हाक मारत नाही, आणि त्यात हा डाग. त्या बायकांनी काय सोसलं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

हे खोडून काढायला पुढे आला तोही एक बापच. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, त्यांच्या मुलाला ऑटिझम. मूळ कारण शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही, असं त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून मांडलं. मग १९७७ साली सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या पाहिल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. साध्या जुळ्यांच्या १० जोड्या होत्या, त्यांतल्या एकाही जोडीत दोघांना नव्हता. आई तीच, घर तेच, ऊबही तीच! हा फरक रक्तातून आलेला. त्याआधी १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून आईबापांना दोषमुक्त केलं होतं. सासूबाईंना हे ऐकवायला जाऊ नकोस, उगाच वाद वाढेल. रात्री झोप येत नाही ना, तेव्हा स्वतःला सांग.

आता तुझी पळापळ. आठवड्याला पाच सेशन, त्यासाठी रिक्षा, अर्ध्या दिवसाच्या रजा. थेरपी सोड असं मी मुळीच म्हणणार नाही. पण गोव्यात संगाथ संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून एक प्रयोग झाला, तो मला फार जवळचा वाटतो. ६५ मुलं होती. निम्म्यांसाठी कोणी मोठा तज्ज्ञ नव्हता, शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. आई मुलाशी खेळत असताना ते व्हिडिओ काढायचे आणि मग तिच्याशेजारी बसून तो तिलाच दाखवायचे. सहा महिन्यांत अशा १२ भेटी. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. आया मुलाच्या कलानं घ्यायला लागल्या होत्या आणि मुलं आपणहून बोलावणं, दाखवणं जास्त करत होती. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र उलट कमी झाला, तेही त्यांनी लपवलं नाही. म्हणून तर माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आमच्या स्पीच थेरपिस्टनं असाच व्हिडिओ माझा एकदा काढला होता. पाच मिनिटांचा. त्यात मी सारखी विचारतेय, हे काय आहे? कुठला रंग? गाय कशी ओरडते? म्हण ना, म्हण! लेक गाडीचं चाक डोळ्यांजवळ धरून फिरवतोय. आणि मध्येच, दोन वेळा, त्यानं चाक माझ्या दिशेनं जरासं पुढे केलंय. दोन्ही वेळा मी खाली वाकून गाय शोधत होते. तो व्हिडिओ बघून मी पदरात तोंड लपवून रडले. दुसऱ्या दिवसापासून गप्प बसायला शिकले. त्यानं चाक फिरवलं की मीही एक चाक फिरवायचे आणि वाट बघायचे. पंधराएक दिवसांनी त्यानं माझ्या हातातलं चाक काढून स्वतःचं मला दिलं. शब्द नाही, काही नाही. नुसतं चाक.

दुसऱ्या मुलाचं विचारलंस, तेही चोरट्या आवाजात. त्यात चोरी कसली? ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा १६०५ बाळांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. साधारण २० टक्के बाळांत, म्हणजे पाचांत एकात, पुढे ऑटिझम आढळला. हा आकडा लहान नाही, तो तुझ्यापासून लपवणारही नाही. पण पाचांतल्या चौघांत आढळला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. निर्णय तुम्हा दोघांचा. घेतलाच, तर बाळाकडे पहिल्या वर्षापासून डोळस लक्ष ठेव, इतकंच. आणि अशा घरांतले ८० टक्के संसार मोडतात, असं कुणी म्हटलं तर कानामागे टाक. अमेरिकेत ७७ हजारांवर मुलांची माहिती तपासली, तेव्हा आईवडील दोघांजवळ राहणारी मुलं ऑटिझम असलेल्यांत ६४ टक्के आणि इतरांत ६५ टक्के निघाली.

कागदपत्रांत मात्र हयगय नको. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि निरामय आरोग्य विमा आत्ताच करून घे, विम्यात लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तरीय समितीकडे अर्ज करावा लागतो. आम्ही गेल्या वर्षी केला. आपल्याच लेकाचे पालक आहोत हे अर्ज भरून सांगायचं, हात थरथरतो गं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासाबद्दल. तिथं मार्शा सेल्त्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेवर कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ऑटिझम असलेली मुलं कुमारवयातली आणि त्याहून मोठी. त्यांना दिसलं की या आयांच्या अंगातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतर आयांपेक्षा कमी असतं. वर्षानुवर्षं ताण सोसून शरीर दमलं की असं होऊ शकतं. म्हणजे तुझा थकवा खराच आहे, तू नाजूकपणा करत नाहीस. दुपारी आई आली की त्याला तिच्याजवळ सोडून झोपत जा.

त्याच अभ्यासात आयांना सांगितलं होतं, पाच मिनिटं तुमच्या मुलाबद्दल बोला, आम्ही मध्ये बोलणार नाही. मग त्या बोलण्यात माया किती, कौतुक किती, हे मोजलं. जिथं कौतुक जास्त होतं, तिथं दीड वर्षानं मुलांचे त्रागे कमी दिसले. यातून पुन्हा आईवर खापर फोडायचं नाही हं. लेकरू दिवसभर डोकं आपटत असेल, तर आईच्या तोंडून कौतुक कुठून निघणार, हे त्या लोकांनाही कळतं.

रविवारी दुपारी फोन कर. रिपोर्ट बाजूला ठेव. पिल्लू काय खातं, पाऊस पडला की काय करतं, झोपताना कुठली गोधडी ओढतं, ते सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी ताई