चहा, कॉफी आणि आपले रक्त

मुलांनो, परवा प्रार्थनेच्या वेळी एक मुलगी चक्कर येऊन मटकन खाली बसली, ते तुम्ही सर्वांनी पाहिले. तिला सावलीत नेले, पाणी दिले. "सकाळी काय खाल्लंस गं?" म्हणून विचारले तर म्हणाली, "च्या न् चपाती, गुरुजी." नंतर मी वर्गात हात वर करायला सांगितले. निम्म्याहून जास्त जणांची न्याहारी तीच निघाली. कुणाचा चहा-बटर, तर कुणाचा नुसताच चहा. म्हणून या वेळी भित्तिपत्रकात हा पाठ लिहिला आहे. घरी जाऊन आईला वाचल्याप्रमाणे सांगा.

चक्कर आली म्हणजे रक्तच कमी, असे लगेच म्हणू नये. उपाशीपोटी उन्हात उभे राहिले तरी चक्कर येते. पण लवकर दम लागणे, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसणे, वर्गात सारखी मरगळ येणे, ही रक्त कमी असल्याची लक्षणे असू शकतात. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे असतो आणि हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते. फुफ्फुसातला प्राणवायू साऱ्या अंगात पोहोचवण्याचे काम हेच हिमोग्लोबिन करते. तुमच्या वयाच्या, म्हणजे ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ते १०० मिलिलिटर रक्तात निदान ११.५ ग्रॅम असावे लागते. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर १०० बालकांपैकी ६७ जणांचे रक्त कमी आढळले. तुमची धाकटी भावंडे त्याच वयाची आहेत.

आता चहाचा याच्याशी काय संबंध? गुरुवारी आपण केलेला प्रयोग आठवा. लोहाच्या गोळीचा मोडका तुकडा पाण्यात विरघळवला आणि त्यात बिनदुधाचा चहा ओतला. पाणी काळेनिळे झाले, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, शाई झाली!" खरोखरच ती एक प्रकारची शाईच होय. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत, ती याच रीतीने. हिराकशीत लोह असते आणि हिरड्यात तुरट द्रव्य. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, तेही यामुळेच. चहातही तसेच तुरट द्रव्य असते. ते पोटात भाजी-भाकरीतल्या लोहाला धरून ठेवते. मग ते लोह रक्तात न जाता शौचावाटे निघून जाते. चहात दूध घातले म्हणून यात फारसा फरक पडत नाही.

१९८३ साली अमेरिकेत याचे मोजमाप झाले. जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली तर लोह शोषले जाण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि चहाने ६४ टक्क्यांनी. म्हणजे या बाबतीत आपला चहा कॉफीपेक्षा वरचढ ठरला! कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तेव्हा काही बिघडले नाही. पण जेवणानंतर तासाभराने घेतली तरी नुकसान तेवढेच झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ साली सांगितले आहे की जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी घेऊ नये. जेवणानंतर मी तर दोन तास थांबायला सांगेन.

कॉफी आपल्याकडे पाहुणा आला किंवा सर्दी झाली तरच होते, तीही जायफळ घालून. आपल्या राज्यात तिचे मळे चिखलदऱ्याला आहेत. कॉफीत आणि चहात कॅफीन नावाचे द्रव्य असते. रुंगे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. त्याने झोप उडते, तरतरी येते. मोठ्या माणसांना बेताची कॉफी बाधत नाही. उलट, रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांत मधुमेह आणि यकृताचे आजार कमी आढळतात. ते कॉफीमुळेच की त्यांच्या इतर सवयींमुळे, हे मात्र सांगणे अवघड. गरोदर बाईने ती कमीच ठेवावी. कोणतेही पेय फार कढत पिऊ नये. ६५ अंशांहून गरम पेयांनी अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली म्हटले. बशीत ओतून फुंकर मारून पिणारे आपले आजोबा काही चुकत नाहीत.

पण मोठ्यांचे गणित मुलांना लागू पडत नाही. बाबांचे वजन ६० किलो, तुमचे २०. म्हणून तोच कप तुम्हांला तिप्पट लागतो. कॅफीन अर्धे उतरायला मोठ्या माणसाला सुमारे पाच तास लागतात. रात्री आठला चहा प्यायला तर एक वाजताही अर्धे अंगात असते. मग सकाळी पाढे म्हणताना जांभया येतात! शिवाय गोड चहाने भूक मरते आणि पोट भरल्यासारखे वाटते. माझ्या मते सगळ्यात मोठा तोटा हाच.

यात एक चूक माझीही आहे, ती लपवीत नाही. दर आठवड्याची लोहाची गोळी (लहानांची गुलाबी, दहा वर्षांवरील मुलांची निळी) मी सकाळी शाळा भरताच देत होतो. तुम्ही नुकताच चहा पिऊन आलेले असायचा. तेव्हा गोळीतले बरेच लोह वाया जात असणार. शिवाय पोटात अन्न नसल्याने काहींना मळमळायचे, आणि मी म्हणायचो, "नाटकं करू नका." आता गोळी खिचडी खाल्ल्यावर मिळेल. लिंबाची फोड ज्याने त्याने घरून आणावी. लिंबू, पेरू, आवळा यांनी लोह चांगले शोषले जाते. शौचाला काळे झाले तर घाबरू नका, ते गोळीमुळे होते.

त्या मुलीच्या आईला मी काल भेटलो. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेऊ म्हणाल्या. चहाबद्दल बोललो तर म्हणाल्या, "दूध डेअरीला जातं गुरुजी, पोरांना सकाळी काय देऊ?" प्रश्न खरा आहे. रात्रीची भाकरी ताकात किंवा कालवणात कुस्करून, शिजवलेली मटकी, नाचणीची आंबील, जे घरात असेल ते आधी खाऊ द्या, एवढेच मी सुचवले. आमच्या खोलीतली चहाची किटली खिचडीपाठोपाठ यायची. सोमवारपासून ती साडेतीनला येईल.